इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घ्यावा का?

आधी एक सांगा, घरी गॅस आहे ना? रोजचा वरण-भात तीन शिट्ट्यांत उरकत असेल तर घाई करू नका. वेळ वाचेल ही आशा तर सोडाच. इलेक्ट्रिक कुकरला दाब धरायलाच दहाएक मिनिटं लागतात, आणि बहुतेकांचा दाब आपल्या गॅसवरच्या कुकरपेक्षा (साधारण १५ पीएसआय; पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) कमीच असतो. त्यामुळे राजमा, छोले, काळे वाटाणे शिजवताना शिट्ट्यांचा हिशोब चालत नाही. मिनिटं नव्याने बसवावी लागतात.

फायदा वेगळाच आहे. लावलं की विसरून जायचं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, गॅस बंद करायला धावायचं नाही. गॅस नसलेली भाड्याची खोली असेल तर जरूर घ्या. फक्त अमेरिकेहून कुणी ‘येताना आणतो’ म्हणालं तर नको म्हणा. तिथला कुकर १२० व्होल्टचा, इथली वीज २३०.

आतलं भांडं स्टीलचं बघा. परतायची सोय असेल तर फोडणीही त्यातच होते. झाकणाची रबरी रिंग वास धरून ठेवते, म्हणून एक जास्तीची घ्या, नाहीतर मटणाचा वास खिरीला लागलाच म्हणून समजा. आणि तुमच्याकडे वीज सारखी जात असेल, तर जुना कुकर माळ्यावर टाकू नका.