नवख्या तलावावर क्रॅपी गरवायला जाताना

प्रिय पुतण्या,
अनेक आशीर्वाद.

मार्चअखेर नॉर्थ कॅरोलिनातल्या जॉर्डन लेकवर क्रॅपी, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला छोटा चपटा मासा, गरवायला जायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेल्या यादीत रॉड, रीळ, जिग (शिशाच्या डोक्याचे नकली आमिषाचे हुक), डबे सगळं आहे, पण तलावाबद्दल एक ओळही नाही. सामान आदल्या दिवशीही मिळतं. तलावाची थोडी तरी ओळख मात्र घरी बसूनच करून घ्यावी लागते.

जॉर्डन सुमारे 14 हजार एकरांचा आहे. तो सगळा पाहायला निघालास तर दिवसभर नुसती बोट चालवशील. म्हणून तलावाचा एकच फाटा, म्हणजे एकीकडे लांब गेलेला एकच भाग, निवड, त्यातला मैलभराचा तुकडा निवड आणि काहीही झालं तरी दिवसभर तिथेच राहा. पहिल्या दिवशी मासे किती मिळाले याला मी फारसं महत्त्व देत नाही. ते किती खोलीवर होते हे कळलं, तर तो दिवस कारणी लागला असं समज.

आता तुकडा कोणता? हा धरणाचा तलाव आहे. 1945 च्या महापुरानंतर या धरणाचा विचार पुढे आला, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हॉ नदीवरच्या या धरणामुळे न्यू होप नदीचं खोरं पाण्याखाली गेलं. जुन्या ओढ्यांची पात्रं तळाशी अजून आहेत. खोलीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघड आणि ओढ्याचं पात्र काठाजवळून वळण घेतं अशी जागा शोध. हिवाळ्यात खोल पाण्यात राहिलेले मासे वसंतात याच वाटेने उथळाकडे येतात. तुझ्यासाठी मी उत्तरेकडचा न्यू होपचा फाटा निवडेन, फॅरिंग्टन रोडच्या पुलाच्या आसपास. तिथलं पाणी उथळ आहे, त्यामुळे लवकर तापतं, आणि पुलाचे खांब ही क्रॅपीची आवडती जागा. राज्याच्या वन्यजीव विभागाने माशांना आसरा मिळावा म्हणून ठिकठिकाणी आडोसे बुडवून ठेवले आहेत. त्यांचा नकाशाही तो विभाग सगळ्यांसाठी देतो. त्यातले दोन-तीन तुझ्या तुकड्यात येतात का, ते बघ.

निघण्याच्या आठवड्यात रोज दोन आकडे बघत जा. पहिला पाण्याच्या पातळीचा. जॉर्डनची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 216 फूट. मोठा पाऊस झाला की खालच्या गावांना पूर येऊ नये म्हणून पाणी धरणात अडवून धरतात, पातळी चढते आणि काठची झुडपं पाण्यात जातात. मग मासेही त्या झुडपांत शिरतात, आणि आधी शोधून ठेवलेली जागा ओस पडते. पाणी सोडायला लागले की ते पुन्हा मागे सरकतात. म्हणून पातळी किती आहे यापेक्षा ती चढते आहे की उतरते आहे, हे जास्त नीट बघ.

दुसरा आकडा पाण्याच्या तापमानाचा. साधारण 60 ते 68 फॅरनहाइटला क्रॅपी उथळ पाण्यात अंडी घालते. त्याच्या आधीच्या दिवसांत ती त्या उथळ जागांच्या बाहेर, जरा खोल पाण्यात घोळक्याने थांबलेली असते. तू जाशील तेव्हा बहुतेक हीच स्थिती असेल. इथले जुने लोक डॉगवूडचं झाड वसंतात फुललं की क्रॅपी काठाला आली म्हणतात, आणि त्यात बरंच तथ्य आहे. मार्चमध्ये भल्या पहाटे उठून कुडकुडत बसायची गरज नाही. ऊन लागून उथळ पाणी तापलं की दुपारी मासे जास्त हलतात. आदल्या दिवशी थंडीची लाट येऊन गेली असेल, तर ते खाली जाऊन फांद्यांना चिकटून बसतात. अशा दिवशी आमिष जवळपास स्थिर ठेवावं लागतं आणि धीरही जास्त लागतो.

आता खोलीविषयी. क्रॅपी वर बघून खाते. तिच्या खालून गेलेलं आमिष तिला सहसा दिसत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा थोडं वरच ठेव. सरकता बॉबर (दोऱ्यावरचा तरंगता गोळा) वापर, खोली झटपट बदलता येते. एका रॉडचं आमिष 4 फुटांवर सोड, दुसऱ्याचं 8 फुटांवर. पंधरा-वीस मिनिटं हालचाल नाही तर दोन्ही एकेक फुटाने बदल. पहिला मासा लागला की त्याचं कौतुक करण्याआधी दोरा किती खोल होता ते वहीत लिही आणि दुसऱ्या रॉडचं आमिषही त्याच खोलीवर आण. क्रॅपी थव्याने राहते, त्यामुळे दुसरी बहुधा तिथेच असते.

मासा लागला की हिसका देऊ नकोस. तिचं तोंड कागदासारखं पातळ, लगेच फाटतं. दोरा ताणलेला ठेवून सावकाश ओढ आणि शेवटी जाळीत घे. दोरा 4 ते 6 पौंडांचा ताण पेलणारा पुरे. हुक बारीक तारेचे घे, म्हणजे फांदीत अडकले तर जोर लावल्यावर सरळ होऊन सुटतात. आमिषाला जिवंत मिनो (बारीक मासे) आणि 1/16 औंसाचे जिग दोन्ही ने. जॉर्डनचं पाणी बहुधा गढूळ असतं, तेव्हा जिग उठून दिसणारे, पिवळ्या-हिरव्या रंगाचे असू देत.

परवाना आधी काढ, 16 वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतो. किमान लांबी आणि दिवसाला किती मासे ठेवायचे याचे नियम तलावागणिक वेगळे असतात, म्हणून या वर्षीचे नियम वाचून मोजपट्टी बरोबर ठेव. मोठ्या पाण्यावर वारा अचानक उठतो आणि मार्चचं पाणी गार असतं. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायला नाही, अंगात घालायला ने. पोहता येतं हे मला माहीत आहे, तरीही घाल.

बर्फ भरपूर ने. मासे पकडल्या पकडल्या बर्फात गेले तरच चव टिकते. काकूने आत्ताच सांगून ठेवलंय, हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळायचे. मांस पांढरं आणि मऊ असतं, मसाला बेताने लाव.

काठावरच्या कुठल्या रॅम्पवरून (उतारावरून) बोट पाण्यात उतरवणार ते ठरलं की फोन कर. नकाशा समोर ठेवून दोघे मिळून तो मैलभराचा तुकडा पक्का करू.

तुझा,
काका