गहाण पडलेलं नाव सोडवणारे

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ते मराठीत एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहेत. तिच्यात घोडेस्वार योद्ध्यांचं एक मंडळ आहे. हे लोक एके काळी देवाच्या नावाने शपथ घेऊन लढले, ऐन लढाईत ती शपथ मोडून बसले, मानमरातब गमावले आणि आता गेलेली पत परत मिळवायला निघाले आहेत. इंग्रजीत अशा मंडळाला ‘ऑर्डर’ म्हणतात, योद्ध्याला ‘नाइट’ आणि त्यांना जे हवं आहे त्याला ‘रिडेम्प्शन’. वाचकाने पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘मुक्ती शोधणाऱ्या पतित पवित्र योद्ध्यांचा संघ’. त्यांनाच ते मराठी वाटत नाही. बिघडलं कुठे, असं ते विचारतात.

सगळ्यात जास्त बिघडलं आहे ते ‘मुक्ती’ या शब्दात. मराठी कानाला मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. मुक्त झालेला माणूस परत येत नाही. तुमचे स्वार तर परत येण्यासाठीच धडपडत आहेत. त्यांना आपल्या पंगतीत, आपल्या निशाणाखाली, आपल्या माणसांच्या नजरेत पुन्हा जागा हवी आहे. शिवाय ‘मुक्ती शोधणे’ ही जोडणीही आपली नाही. मराठीत मुक्ती मिळते, मिळवतात, लाभते. शोधायला ती हरवलेली वस्तू नाही.

‘उद्धार’ घ्यावा का? त्यात दुसरी अडचण आहे. स्वतःच स्वतःचा उद्धार करावा असं गीता सांगते खरी, पण रोजच्या बोलण्यात उद्धार करणारा कुणीतरी वेगळा असतो आणि ज्याचा उद्धार होतो तो हात जोडून उभा असतो. तुमच्या कथेतली माणसं स्वतः काहीतरी करत आहेत. आणि एखाद्या पात्राने भांडणात ‘माझा उद्धार कर’ म्हटलं, तर आईबापांचा उद्धार करणारी शिवीगाळ वाचकाला आधी आठवेल.

आता इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जाऊ, कारण तिथेच मला उत्तर सापडलं असं वाटतं. रिडेम्प्शन हा शब्द लॅटिनमधून आला. त्यातल्या क्रियापदाचा अर्थ आहे ‘परत विकत घेणे’. किंमत मोजून सोडवून आणणे. मध्ययुगात हा अर्थ अगदी रोखठोक होता. 1218 मध्ये बार्सिलोनात पेद्रो नोलास्को यांनी एक ऑर्डर स्थापन केली, ती मर्सिडेरियन नावाने ओळखली जाते. तिच्या पूर्ण नावातच ‘बंदिवानांचं रिडेम्प्शन’ आहे. मुसलमान राज्यांत कैदेत पडलेल्या ख्रिस्ती माणसांना पैसे भरून सोडवणं हे तिचं काम. पैसे कमी पडले तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहीन, अशी जादा शपथ तिथले बंधू घेत. म्हणजे त्या काळच्या माणसाच्या कानावर हा शब्द पडला की आत्मा, पाप, स्वर्ग यांच्याबरोबर थैली, नाणी आणि बेड्याही डोळ्यांपुढे येत असणार.

मराठी बायबल करणाऱ्यांनी ही किंमत मोजण्याची बाजू अचूक पकडली. तिथे ‘खंडणी भरून मिळवलेली मुक्ती’ असा प्रयोग आहे. नुसती मुक्ती म्हणून भागणार नाही, हे त्यांना कळलं होतं. मराठी ख्रिस्ती परंपरेतला दुसरा शब्द ‘तारण’. तारणारा तो येशू, आणि पापातून वाचणं ते तारण. हाच उच्चार आपण बँकेतही करतो: सोनेतारण कर्ज, घर तारण ठेवणे. एकाच शब्दात वाचवणंही आहे आणि कर्जापोटी ठेवलेली वस्तूही, हे मला फार सुंदर वाटतं.

तुमच्या कादंबरीसाठी मात्र मी याहून घरगुती शब्द सुचवीन: सोडवणूक. आपण गहाण सोडवतो. आईच्या पाटल्या सोडवतो, सावकाराकडे पडलेलं रान सोडवतो. वस्तू आपलीच असते, ती आपल्याच करणीने दुसऱ्याच्या हाती गेलेली असते आणि मोल भरल्याशिवाय ती घरी येत नाही. या योद्ध्यांचं नेमकं हेच झालं आहे. त्यांचं नाव गहाण पडलं आहे. ‘मुक्ती’मध्ये कर्ज कुठेच दिसत नाही, ‘सोडवणूक’ म्हटलं की लगेच दिसतं.

मोल कसलं भरायचं, याचं उत्तर मात्र ‘प्रायश्चित्त’ या शब्दात आहे आणि तो तुम्हाला टाळता येणार नाही. लिहिताना शेवटी जोड ‘त्त’ हवा. ‘प्रायश्चित’ असं सर्रास लिहिलं जातं, पण ते चूक आहे. जुनी फोड अशी सांगतात: प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. निश्चयाने केलेलं तप ते प्रायश्चित्त. क्रियापद कोणतं लावता यावर सगळा रंग बदलतो. धर्मपीठ प्रायश्चित्त देतं, चुकलेला ते घेतो, आणि न मागता दैवाने वाट्याला आलं तर तो ते भोगतो. कादंबरीतल्या एखाद्या स्वाराने शिक्षा मनापासून पत्करली की नाही, हे नुसतं ‘घेतलं’ की ‘भोगलं’ यावरून वाचकाला कळेल.

एक सावधगिरी. आपल्याकडे प्रायश्चित्त उरकताही येत असे. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून मोठं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं आणि टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. अपराध एक कप चहाचा. त्यामुळे या शब्दाला विधी पार पाडण्याची, पावती मिळवण्याची छटा चिकटली आहे. तुमच्या योद्ध्यांचा अपराध चहाचा नाही, म्हणून शब्दाच्या मागेपुढे त्याचं ओझं दिसेल असं काही लिहावं लागेल.

या बाबतीत युरोपातली खरी ऑर्डर तुम्हाला खूप देऊ शकते. 1095 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत ठरलं की केवळ भक्तीने, मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, जेरुसलेमच्या मोहिमेवर जाईल त्याची ती वाटचालच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरली जाईल. तोवर लढाईत माणूस मारला की प्रायश्चित्त घ्यावं लागे, आता लढाईच प्रायश्चित्त झाली. पुढे 1119 च्या सुमाराला जेरुसलेममध्ये टेंपलर मंडळ, म्हणजे मठवाशांसारखं व्रत घेतलेल्या नाइटांचं मंडळ, उभं राहिलं. त्यांचा पाठीराखा क्लेरव्होचा संत बर्नार्ड याने त्यांची स्तुती करताना आडपडदा ठेवला नाही. पवित्र भूमीकडे निघालेल्यांत लुटारू, खुनी, शपथ मोडणारे यांचाच भरणा आहे, त्यांच्या जाण्याने इकडचे लोक सुटतात आणि तिकडच्यांना मदत मिळते, दोन्हीकडे आनंदच, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुमची कल्पना कल्पनेच्या राज्यातली असली तरी तिची मुळं जमिनीत आहेत.

याच टेंपलरांच्या नियमावलीत शब्दप्रेमी माणसाला झोप येऊ नये असा एक प्रकार आहे. 1129 च्या त्रुआच्या धर्मसभेतली मूळ नियमावली लॅटिनमध्ये आहे. तीत बंधूंना सांगितलं आहे की धर्मबाह्य न ठरवलेले नाइट जिथे जमतात तिथे जा. पुढे तिचं फ्रेंच भाषांतर झालं आणि त्यात तो ‘न’ नाहीसा झाला. आता आज्ञा झाली ती धर्मबाह्य ठरवलेले नाइट जिथे जमतात तिथे जाण्याची! भाषांतरकाराचा हात चुकला की बदल जाणूनबुजून केला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. फ्रेंच पाठात पुढची पायरीही दिली आहे: असा माणूस आधी बिशपपुढे उभा राहील, बिशप त्याचं ऐकून त्याला पापमुक्त करील आणि मगच बंधू त्याला आत घेतील. एक नकार गळला आणि भल्या स्वारांची भरती बदनाम स्वारांची भरती झाली.

शिक्षेची भाषाही त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. टेंपलर नाइटचा पांढरा झगा ही त्याची ओळख. मोठा अपराध केला की ‘झगा जाई’. मग त्याने जमिनीवर बसून जेवायचं, गुलामांबरोबर राबायचं, आठवड्यातले तीन दिवस पाव आणि पाणी. ही मुदत जास्तीत जास्त एक वर्ष आणि एक दिवस, आणि ती भरली की झगा परत. याहून वरची शिक्षा म्हणजे ‘घर जाणे’. शत्रूच्या भीतीने निशाण सोडून पळालेल्याला ती होई. त्याला मंडळात पुन्हा जागा नाही, त्याने जाऊन दुसऱ्या कडक शिस्तीच्या मठात राहायचं. ‘झगा गेलेला’ आणि ‘घर गेलेला’ हे दोन शब्दप्रयोग मराठीत जसेच्या तसे चालतील, समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. तुमचे स्वार यांतल्या दुसऱ्या प्रकारचे दिसतात. घर गेलेल्यांनी मिळून नवं घर बांधलं, असं काहीसं.

आता ‘पतित’. हा शब्द मराठीत ‘पावन’शिवाय क्वचितच भेटतो, आणि त्याचा इतिहास जातिधर्मातून खाली पडण्याचा, पाडले जाण्याचा आहे. ‘बहिष्कृत’चंही तसंच. 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि 1927 चं ‘बहिष्कृत भारत’ यांच्यानंतर हा शब्द मराठीत अपराध्याचा राहिला नाही. काही न करता ज्यांना समाजाने बाहेर ठेवलं त्यांचा तो झाला. खरोखर गुन्हा केलेल्या योद्ध्यांना तो लावू नये, असं मला कळकळीने वाटतं. यांनी व्रत मोडलं आहे, म्हणून ‘व्रतभ्रष्ट’ म्हणा. गीतेतला ‘योगभ्रष्ट’ याच घडणीचा आहे आणि त्याच्यासाठी वाट पूर्ण बंद झालेली नाही, हेही त्यात येतं. बोलीतला शब्द हवा असेल तर ‘बट्टा लागलेला’. बट्टा हा मूळचा सराफाचा शब्द. झिजलेलं नाणं बदलून घेताना जी रक्कम कापली जाते ती बट्टा. नाणं खोटं नसतं, त्याची पूर्ण किंमत कुणी देत नाही इतकंच. नावाला बट्टा लागलेल्या माणसाचं याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही, आणि ते गहाणाच्या शेजारी शोभूनही दिसतं.

‘पवित्र योद्धा’ काढून टाका. मराठीत तीर्थ, स्थळ, ग्रंथ, नातं पवित्र असतं. योद्ध्याला आपण तसं म्हणत नाही. ‘धर्मयोद्धा’ चालेल, पण एक मजा लक्षात ठेवा. क्रूसेडला आपल्या शाळेच्या पुस्तकांनी ‘धर्मयुद्ध’ म्हटलं, तरी महाभारतात धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेलं युद्ध: निःशस्त्रावर वार नाही, झोपलेल्यावर नाही. त्या अर्थाने अश्वत्थामा हा धर्मयुद्धातून पडलेला योद्धा. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला तो टेंपलरांच्या झग्यासारखाच, फक्त परत मिळण्याची मुदत नसलेला. तेल मागत फिरणारा हा माणूस तुमच्या मंडळाच्या दारात आला तर काय होईल, हा प्रसंग लिहायचा मोह मला तरी आवरला नसता.

‘नाइट’साठी शब्दांची वाण नाही. राऊत हा जुना, देखणा शब्द, राजपुत्रावरून आलेला, अर्थ घोडेस्वार वीर. पण आज ते आडनाव आहे. शिलेदार आणि बारगीर यांत निवड करायची तर फरक असा: शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगीर सरकारी घोड्यावर बसतो. वाचक ‘शिलेदार’कडे झुकतील, कारण आज त्याला निष्ठावंत साथीदार असा झळाळता अर्थ आला आहे. पण टेंपलराला स्वतःचं काहीच नसे. नियमाने मिळणारे तीन घोडे मंडळाचे, शस्त्रंही मंडळाची. व्यवस्थेच्या दृष्टीने तो बारगीरच. आणि ज्याचं नावसुद्धा गहाण आहे, त्याच्या बुडाखालचा घोडा तरी स्वतःचा कसा असेल?

‘ऑर्डर’ला संघ, पंथ, आखाडा काहीही चालेल. मी ‘पंथ’ घेईन, कारण त्यात व्रत आणि वाट दोन्ही येतात. नाव देताना एवढं पाहा की कुठलीही ऑर्डर स्वतःला बदनाम म्हणवून घेणार नाही. टेंपलरांचं स्वतःचं नाव ‘ख्रिस्ताचे गरीब सहसैनिक’ अशा नम्र धाटणीचं होतं. टेंपलर हे नाव जेरुसलेममधल्या त्यांच्या राहण्याच्या जागेवरून पडलं. तुमच्या योद्ध्यांनी स्वतःला ‘सोडवणुकीचे बारगीर’ म्हणावं, गावकऱ्यांनी त्यांना पाठीमागे ‘घर गेलेले’ म्हणावं, आणि धर्मपीठाच्या कागदांत त्यांची नोंद ‘प्रायश्चित्ती’ अशी असावी. कोण बोलतंय ते नावावरूनच कळेल.

तुमचं वाक्य मग मी असं लिहीन: ‘व्रत मोडलं तेव्हा त्यांचं घर गेलं, नावाला बट्टा लागला, आता मंडळाच्या घोड्यांवर बसून ते गहाण पडलेलं नाव सोडवायला निघाले होते.’