नोंदवहीत हिमस्खलन लिहिताना

दादर, मुंबई

अनेक आशीर्वाद.

मनालीहून पाठवलेली तुझी नोंद काल वाचली. ‘समोरच्या उतारावर प्रचंड हिमस्खलन झाले, ढिगारा ओढ्याच्या वरच थांबला’ एवढेच तू लिहिले आहेस. माझ्या पहिल्या मोहिमेच्या वहीतही असेच एक वाक्य आहे. तो उतार कोणत्या दिशेला होता आणि वेळ काय होती, हे आज माझे मलाच सांगता येत नाही.

आधी प्रकार पाहावा. एका बिंदूतून सुटून खाली पंख्यासारखे पसरत गेलेले स्खलन सुट्या बर्फाचे असते. वरच्या टोकाला, सुरीने वडी कापावी तशी आडवी, उभ्या भिंतीची कड दिसली, तर ते स्लॅबचे असते. मुंबईकराला स्लॅब म्हटले की पावसाळ्यात गळणारे छत आठवते. इथे मात्र खालच्या कमकुवत थरावरून सुटलेला सलग थर अभिप्रेत आहे. त्या कडेची जाडी दुरूनच पाहून ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिही. मोजण्यासाठी त्या उताराखाली जाणे हा निव्वळ मूर्खपणा होय. स्लॅब बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि नजरेला उतार सहसा फसवतो, म्हणून कोन सुरक्षित जागेवरून क्लिनोमीटरने, म्हणजे उताराचा कोन मोजणाऱ्या साधनाने, घे.

‘प्रचंड’ हा आकार नव्हे. आकाराच्या १ ते ५ या श्रेणी विध्वंसक्षमतेवरून ठरतात: दुसऱ्या श्रेणीचे स्खलन माणसाला गाडू किंवा मारू शकते आणि त्यात साधारण १०० टन बर्फ असतो, तिसऱ्या श्रेणीचे मोटार गाडते, लहान घर पाडते आणि त्यात साधारण १,००० टन असतो. तुझा ढिगारा ओढ्याच्या वरच थांबला, त्यावरून मला ती दुसरी श्रेणी वाटते.

स्खलन पडताना पाहिले नसेल, तर ‘काल सायंकाळी ५ वाजता नव्हते, आज सकाळी ७ वाजता दिसले’ असे लिही; ते आपोआप सुटले की कोणाच्या पावलाने, हे तर्काने भरू नकोस. ‘काहीही पडले नाही’ आणि ‘धुक्यामुळे काही दिसले नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दुसरी लिहायचा आळस आपण सगळेच करतो.

तीच नोंद नव्याने लिहून, उताराची दिशा व समुद्रसपाटीपासूनची उंची घालून, पुढच्या पत्रासोबत पाठव.