समीकरणाची मांडणी की सरळरूप?

प्रश्न असा आहे की कॉम्प्युटर अल्जिब्रा सॉफ्टवेअरमध्ये (म्हणजे अक्षरांसकट बीजगणित करणाऱ्या मॅक्सिमा, मॅथेमॅटिका, सिम्पाय अशा प्रोग्रॅममध्ये) समीकरण वाचायला सोपं जावं म्हणून जे फॉरमॅटिंग करतात त्याला 'सरळरूप देणं' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नाही. 'सरळरूप द्या' हे शाळेच्या गणितात पक्कं बसलंय आणि तिथे कंस सोडवणं, सजातीय पदं एकत्र करणं असं खरंखुरं गणित होतं. फॉरमॅटिंगला 'मांडणी' म्हणा, प्रेटी प्रिंटला, म्हणजे वहीत लिहितो तसं स्क्रीनवर दाखवण्याला, हवं तर 'सुबक मांडणी'.

मॅक्सिमा वापरत असाल तर फरक लगेच दिसेल, त्यात डिस्प्लेटूडी नावाची सेटिंग आहे, ती चालू असली की अंश वर, आडवी रेघ, खाली छेद, घातांक वरच्या ओळीत असं दिसतं आणि बंद केली की तीच राशी तिरप्या रेघा नि गुणाकाराच्या चांदण्यांसकट एका ओळीत येते. राशीला काहीच झालं नाही, मांडणी बदलली. पण एक्स्पांड ही आज्ञा दिली की (क्ष + १)² चं क्ष² + २क्ष + १ होतं, हे रूप बदललं, आणि त्यासाठी विस्तार करणं, अवयव पाडणं हे शब्द आपल्याकडे आहेतच.

हा फरक मी धरून बसतो कारण रूप बदलताना अर्थालाही धक्का लागू शकतो. (क्ष² − १) / (क्ष − १) चं सरळरूप क्ष + १, पण क्ष = १ असताना मूळ राशीला किंमतच नाही आणि नवीला २ आहे! मांडणीने असं होत नाही. मात्र मांडणीच किंमत समजून साठवली तर घोटाळा होतो, मॅथेमॅटिकात बरेच जण मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्या) चौकटीत छान दिसावं म्हणून मॅट्रिक्सफॉर्म ही आज्ञा लावतात आणि ते लावलेलंच व्हेरिएबलमध्ये ठेवतात, मग पुढे त्याचा व्यस्त (इन्व्हर्स) काढायला गेलं की निघत नाही कारण मॅट्रिक्सवर मांडणीचं वेष्टण बसलेलं असतं. आधी मॅट्रिक्स साठवा, मांडणी फक्त दाखवताना.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. सिम्पायमध्ये १ + २क्ष + क्ष² टाइप केलं तरी स्क्रीनवर क्ष² + २क्ष + १ येतं, ही नुसती मांडणी, पण घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहिलेल्या बहुपदीला पाठ्यपुस्तकात 'प्रमाण रूप' म्हणतात. तो शब्द रुळलेला आहे, तिथे 'रूप'च राहू द्या.