नालीचं पाणी आणि मागं राहिलेलं गाव

"शेजारी जगू देत नाहीत. घर विकून निघून जावंसं वाटते. काय करू?"

ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या समुपदेशनाच्या टेबलाशी हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. तो थेट असा कधीच येत नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, रात्री दोन वाजता जाग येते, जेवण जात नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस बाह्यरुग्ण विभागात येतो. डॉक्टर रक्तदाब बघतात, रक्त तपासतात, सगळं ठीक निघतं आणि मग चिठ्ठी माझ्याकडे येते. शेजाऱ्याचा विषय निघायला दोन-तीन भेटी जातात.

अशाच एका बाईंची ही हकिगत. त्यांना इथे कुसुमबाई म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे. वय सेहेचाळीस. नवरा मिस्त्रीकामाला नागपूरला, पंधरा-वीस दिवसांनी घरी येणारा. मुलगी सासरी, मुलगा बारावीत.

वैनगंगेच्या काठची त्यांची जुनी वस्ती गोसीखुर्द धरणात गेली. या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं, पण गावं एकदम उठली नाहीत. पवनी, कुही, भिवापूर या पट्ट्यातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं 'आज उठायचं, उद्या उठायचं' करत राहिली. घराला रंग द्यायचा की नाही, विहिरीचा गाळ काढायचा की नाही, याचा निर्णयसुद्धा घेता येईना. कुसुमबाईंच्या सासूनं शेवटची आठ वर्षं घराचं छप्पर शाकारू दिलं नव्हतं. "बुडनाऱ्या घराले कवेलू कायले?" असं ती म्हणायची.

मग नवीन गावठाण आलं. आखीव रस्ते, क्रमांकाचे प्लॉट. जुन्या गावात शेजार पिढ्यांनी ठरलेला होता, इथे तो प्लॉटच्या नंबरानं ठरला. कुसुमबाईंच्या डाव्या हाताला रिकामा प्लॉट आणि उजव्या हाताला दुसऱ्याच बुडालेल्या गावातलं एक कुटुंब.

भांडण पाण्याचं होतं. शेजाऱ्यांच्या न्हाणीचं सांडपाणी वाहत कुसुमबाईंच्या दारापुढे साचायचं. पुनर्वसित गावठाणात ज्या १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यांत नालीही असते. इथली नाली त्यांच्या घराच्या अलीकडेच संपलेली होती. शिवाय शेजाऱ्यांच्या टिनाचं पाणी पावसाळ्यात सरळ यांच्या भिंतीवर पडायचं आणि भिंतीला ओल धरायची. आधी बोलून झालं, मग टोमणे झाले, मग एकमेकींच्या दारात केर लोटून झाला. शेवटी शेजारीण म्हणाली, "पानी उतारानंच जाईन, आमी का आभाळाकडं वाहवू?" त्या दिवसापासून बोलणं बंद.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. ती सांगितलीच पाहिजे, कारण बरेच जवळचे लोकही तोच सल्ला देतात. मी म्हणाले, "एकदा शांतपणे त्यांच्या घरी जाऊन बोलून बघा." त्या गेल्या. शेजारणीनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "येड्याच्या दवाखान्यात जाऊन आमची नावं सांगतेस का?" रुग्णालयात माझ्या खोलीबाहेर बसलेलं त्यांना कुणीतरी पाहिलं होतं. लहान गावात समुपदेशनाला जाणं हीच एक बातमी असते. माझ्या सल्ल्यानं त्या बाईला आणखी एकटं पाडलं. तेव्हापासून दोन गोष्टी मी कधीच सोडत नाही. असा रुग्ण मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीच्या दिवशीच बोलवायचा, म्हणजे बाकड्यावर कोण कशासाठी बसलंय ते कळत नाही. आणि मध्यस्थी करायला मध्ये कोण आहे हे विचारल्याशिवाय कुणालाही शेजाऱ्याच्या दारात पाठवायचं नाही.

'मध्ये कोण' याकडे मी पुढे येतेच.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना मुलाची जुनी वही वापरायला सांगितली. पंधरा दिवस, त्रास झाला की दोन ओळी: किती वाजता झाला, काय झालं, त्याआधी तुम्ही काय करत होता. त्या सातवी शिकलेल्या, अक्षर सुरेख. वहीत नऊ नोंदी आल्या. मी त्या त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावल्या.

सांडपाण्याच्या नोंदी दोनच होत्या. दोन्ही सकाळच्या, आंघोळीच्या वेळेच्या. बाकीच्या सातही संध्याकाळी पाच ते सातमधल्या. "तिकडून हासन्याचा आवाज आला." "टीवी मोठ्यानं लावला." "माझ्याकडं पाहून दार लोटलं." आणि त्याआधी काय करत होता? सातही वेळा एकच: "बाजेवर बसली होती."

त्या वाचता वाचता थांबल्या. मग म्हणाल्या, "पानी तं सकारी येते म्याडम. मले संध्याकारी काहून होते?"

मी उत्तर दिलं नाही. जुन्या गावात संध्याकाळी पाच वाजता काय करायच्या, एवढंच विचारलं. पुढची चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. ओट्यावर पाचसहा जणी बसायच्या. कुणी शेंगा सोलतेय, कुणी पोरीची वेणी घालतेय, नदीवरून येणारा ढीवर जाता जाता मासोळीचा भाव सांगतोय. बांधावरच्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा कुणाच्या आधी तयार झाल्या, यावर वाद. नवीन गावठाणात त्या पाच जणी चार वेगवेगळ्या ओळींत गेल्या होत्या. कुसुमबाईंची बाज शेजाऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून होती, कारण छपरीत दुसरी जागाच नव्हती. रोज संध्याकाळी दोन तास त्या भिंतीकडे बघत बसायच्या.

मी विचारलं, "जुन्या गावात भांडणं नव्हतीच का?"

त्या पहिल्यांदा हसल्या. मोहाच्या एका झाडावरून सख्ख्या जावेशी अकरा वर्षं अबोला होता म्हणे. पण अबोल्याला वाटा होत्या. निरोप सासू पोचवायची. महालक्ष्म्यांच्या अंबिलीला दोघींनाही बोलावणारी एक म्हातारी होती, आणि तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. भांडण फार ताणलं की दोन्ही घरांना दमात घेणारा एक आजा होता. नवीन गावात आल्यावर वर्षभरात सासू गेली. म्हातारी मुलाकडे ब्रह्मपुरीला गेली. आजा तर गाव उठण्याआधीच गेला होता.

विस्थापनावर बोलताना आपण जमीन, मोबदला, घर यांचा हिशेब मांडतो. भांडणं मिटवणारी माणसं कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. नव्या ठिकाणी जी भांडणं होतात ती जुन्यापेक्षा मोठी असतात असं मला दिसलेलं नाही. त्यांना बाहेर पडायला दार नसतं. म्हणून नालीचं पाणी डोक्यात जाऊन साचतं. धरणानं उठवलेल्यांचंच हे होतं असंही नाही. सासरचं एकत्र घर सोडून वेगळं राहायला गेलेली सून, बदलीवर आलेले गुरुजी, पुण्याची कंपनी सोडून गावी परतलेला तरुण, सगळ्यांकडून मी हे ऐकलंय. नव्या जागेत पहिल्या वर्ष-दोन वर्षांत शेजाऱ्यावर जो राग येतो, त्यातला किती शेजाऱ्याचा आणि किती सुटलेल्या घराचा, हे एकदा वहीवर वेगळं करून पाहाच.

यातून 'तुमचा शेजारी चांगला आहे, दोष तुमच्या मनात आहे' असा अर्थ मात्र कुणी काढू नये. भिंतीला खरोखरच ओल होती. दुःखाला दुःखासारखं वागवायचं आणि पाण्याला पाण्यासारखं, म्हणून दोन्हींची कामं आम्ही वेगळी केली.

पाण्याचं काम कागदानं होतं. आपल्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडायचा हक्क कुणालाही आपोआप मिळत नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे उघडपणे, अखंड वीस वर्षं तसं चालू राहिलं आणि कुणी आडकाठी केली नाही, तर असा हक्क सांगता येतो. म्हणून गप्प बसून वर्षं घालवायची नाहीत, हरकत लेखी नोंदवायची. पण आज रात्री झोप घालवण्याइतकी घाईही नसते. हे ऐकूनच कुसुमबाईंचे खांदे थोडे खाली आले. त्यांना वाटत होतं, या पावसाळ्यात काही केलं नाही तर जागाच हातची जाईल. हद्दीची शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी मागता येते. मोजणीआधी कुंपण, भिंत, दगड काही टाकायचं नाही. निम्मी भांडणं डोकी फुटण्यापर्यंत जातात ती रातोरात रोवलेल्या खांबापायी.

नालीचा अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा होता. मी सुचवलं की अर्जात शेजाऱ्यांचं नाव तक्रारीत घालू नका, 'अमुक क्रमांकाच्या दोन्ही प्लॉटांपुढे नाली अपूर्ण आहे' असं लिहा, आणि पोच घ्या. हे त्यांना बिलकूल पटलं नाही. "तिच्या फायद्याचा अर्ज मी काहून देऊ?" तीन आठवडे अर्ज तसाच पडून राहिला. मीही रेटलं नाही.

मधल्या काळात संध्याकाळवर काम केलं. बाज उचलून मागच्या सांदवाडीत, पेरूच्या झाडाखाली टाकली. बचत गटाच्या बैठकीला जाणं त्यांनी सोडलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. जुन्या ओट्यावरच्या दोघी त्याच गटात होत्या. पाचनंतरचा चहा बंद. रात्री जाग आली की उठून शेजाऱ्यांचा दिवा चालू आहे का ते बघायची सवय होती, ती मोडायला सर्वांत जास्त दिवस लागले. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली होती, ती त्यांच्याच सल्ल्यानं हळूहळू थांबवली.

मला खरी काळजी होती मुलाची. एकदा शेजारीण काही बोलली आणि हा पोट्टा हातात उभारी, म्हणजे जाड काठी, घेऊन बाहेर धावला. आईनं कमरेला मिठी मारून थांबवलं. हे त्यांनी चौथ्या भेटीत, जाता जाता सांगितलं. मी त्यांना पुन्हा बसवलं. नवरा बाहेरगावी असलेल्या घरात मोठा मुलगा आपोआप राखणदार होतो आणि आई दिवसभरातलं सगळं त्याच्याजवळच ओकते. तिला दुसरं कोण आहे? पण सतरा वर्षांच्या पोराच्या हातून एक काठी पडली की नालीचा वाद फौजदारीत जातो. त्यांच्याशी ठरवलं: मुलाला निरोप घेऊन पाठवायचं नाही, त्याच्यासमोर शेजाऱ्यांचा विषय काढायचा नाही, आणि नवऱ्याशी रोज रात्री फोनवर दहा मिनिटं बोलायचं. नवरा सुरुवातीला "बायकांचं भांडण आहे" म्हणून टाळायचा. काठीचं कळल्यावर तो दोन दिवसांत घरी आला.

मध्ये कोण, हा प्रश्न शेवटी त्यानंच सोडवला. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि त्यांच्याही गावात समिती आहे, पण तिच्यावर दोन्ही घरांचा भरवसा नव्हता. भरवसा नसेल तर अशा समितीपुढे जाऊन भांडण वाढतं. नवऱ्याला आठवलं की शेजाऱ्याचा थोरला भाऊ आणि तो एकाच ठेकेदाराकडे कामाला होते. मग दोघे पुरुष पानटपरीवर भेटले. त्या भेटीत कळलं की न्हाणीचं पाणी शेजाऱ्यांच्याही पायव्यात मुरत होतं आणि त्यांची म्हातारी त्याच चिखलात घसरून पडली होती. अर्जावर दोन्ही घरांच्या सह्या झाल्या. टिनाला पन्हळ लावायचा खर्च शेजाऱ्यांनी केला, मजुरी कुसुमबाईंच्या नवऱ्यानं आपल्या हातानं केली.

दोघी बायका मैत्रिणी झाल्या नाहीत. कुसुमबाईंना ती बाई आजही आवडत नाही, आणि आवडलीच पाहिजे असं मी कधी म्हटलं नाही. दारात समोरासमोर आल्या तर "झाला का सयपाक?" एवढं विचारतात. शेजारासाठी तेवढं पुरतं.

सगळ्या प्रकरणांत असा मार्ग निघत नाही. मारहाण, जिवाची धमकी, बाईमाणसाच्या अंगावर येणं असेल तिथे समजूत काढत बसू नका, ११२ ला फोन करा आणि पोलीस ठाण्यात लेखी द्या. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. जातीच्या पंचायतीनं तुमचं घर वाळीत टाकलं असेल, तर तो शेजारधर्माचा प्रश्नच राहत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा वेळी घर सोडून जाणं शहाणपणाचंही असतं, आणि त्यात हार मानू नये. रुग्णालयापर्यंत येणं जमत नसेल, कुणी पाहील अशी भीती असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. मी तो प्रत्येक चिठ्ठीच्या मागे लिहून देते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. नाली तोवर अर्धीच बांधून झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमबाईंचा फोन आला.

"म्याडम, पानी आलंच थोडं. पन दारापुढं नाही, त्या रिकाम्या प्लॉटात गेलं."

"रात्रभर बघत बसला होतात का?"

"नाही जी. झोपली होती. सकारी उठून पाह्यलं."

मग त्यांना घाई होती. धानाच्या रोवणीसाठी रोपांचा पऱ्हा टाकायचा होता.