हप्ते चालू असताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही नीट वाचलं. घरकर्ज, गाडीचं कर्ज, दोन कार्डांची बाकी आणि मैत्रिणीकडून घेतलेले उसने पैसे असे पाच आकडे तू एकाखाली एक मांडलेस, बेरीज केलीस आणि विचारलंस, "मावशी, जोर लावला तर तीन वर्षांत फिटेल का सगळं?" बेरीज बरोबर आहे. तिचा उपयोग मात्र फारसा नाही. या पाचांतलं एक कर्ज झपाट्याने वाढतं, एक वर्षानुवर्षं संथ चालतं आणि एक तर मुळीच वाढत नाही. त्यांना एका ओळीत उभं केलं की सगळीच सारखी भीती घालतात.

कर्जविभागात नोकरी केली तेव्हा एक गोष्ट नेहमी दिसायची. समोरच्या माणसाला हप्ता तोंडपाठ असायचा, बाकीही साधारण ठाऊक असायची. व्याजदर विचारला की फाइल चाळायला सुरुवात. म्हणून आधी तक्त्यात आणखी काही रकाने घाल: व्याजदर, तो स्थिर की बदलता, व्याज मूळ रकमेवर लावलंय की घटत्या बाकीवर, शेवटचा हप्ता कधी, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती. गाडीच्या कर्जाचा कागद विशेष बारकाईने बघ. तिथे १२ टक्के लिहिलेलं असेल आणि ते मूळ रकमेवर पूर्ण ३ वर्षं लावलेलं असेल, तर घटत्या बाकीच्या हिशेबाने तो दर सुमारे २१ टक्के पडतो. विकणारा खोटं बोलत नाही, फक्त कुठला दर सांगतोय ते सांगत नाही.

आता कार्डं. तू लिहिलंस की दोन्ही कार्डांचे पैसे "दर महिन्याला वेळेवर" भरतेस. आकडे बघितल्यावर कळलं की भरतेस ती किमान रक्कम. महिना ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ असं आपण सहज धरतो. व्याजावर व्याज चढत गेलं की ते ४२ टक्क्यांच्या पुढे जातं. १ लाखाची बाकी असेल आणि ५ टक्के किमान रक्कम भरलीस, तर ५ हजारांतले ३ हजार व्याजात गेले, मुद्दल कमी झाली २ हजारांनी. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी, म्हणजे मुद्दलही आणखी हळू उतरणार. नवीन एक पैसाही खर्च न करता ती बाकी निम्मी व्हायला जवळजवळ ३ वर्षं लागतात. शिवाय बिल पूर्ण भरलेलं नसेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू. तेव्हा ही दोन कार्डं आधी. फेडून होईपर्यंत ती पाकिटात नकोत, आणि खरेदीच्या ॲपमध्ये जिथे जिथे त्यांचे नंबर साठवलेले आहेत तिथून ते काढून टाक.

सगळ्यात लहान कर्ज आधी संपवावं, एक ओझं उतरल्याचं बळ मिळतं, असं सांगणारेही भेटतील. माणसाच्या स्वभावाला धरून ते चुकीचं नाही. पण तुझ्या बाबतीत जास्त व्याजाचं आधी, हेच मी सांगेन, कारण तू आकड्यांना घाबरणारी नाहीस. अपवाद फक्त मैत्रिणीच्या पैशांचा. त्यांना व्याज नाही म्हणून तू ते तक्त्यात सगळ्यात खाली टाकलेत. बँक आठवण करते, मैत्रीण करत नाही. ती फक्त फोन कमी करू लागते. तिला आजच कळव की दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक रक्कम येईल. रक्कम लहान चालेल. तारीख चुकायला नको.

घरकर्जाची मात्र घाई करू नकोस. १० लाख, १० टक्के दर, २० वर्षं असं धरलं तर हप्ता येतो साधारण ९,६५०. पहिल्या हप्त्यातले सुमारे ८,३३० व्याजाचे आणि मुद्दलीत जमा जेमतेम १,३२०. अर्धी मुद्दल फिटायला १४ वर्षांहून जास्त लागतात. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल, पण याच गणिताची दुसरी बाजू बघ. त्याच कर्जात पहिल्यापासून महिन्याला फक्त १ हजार जादा भरले, तर ते सुमारे सव्वापंधरा वर्षांत संपतं आणि साडेतीन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. कार्डं मोकळी झाली की त्यांचा हप्ता इकडे वळव. भरताना एवढं लेखी कळव की जादा रकमेने मुदत कमी करा, हप्ता नको. आणि बदलता दर असेल तर वर्षातून एकदा उरलेली मुदत विचारून घे. दर वाढला की पुष्कळदा हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते.

हे झालं कागदाचं. पत्रातल्या ज्या गोष्टीने मला जास्त काळजी वाटली ती तू एका ओळीत उरकलीस. शनिवार-रविवारी दुसरं काम घेतलंस, रात्री मुलगा झोपला की लॅपटॉप उघडतेस, आणि "थोडे दिवस चालेल" असं म्हणतेस. थोडे म्हणजे किती, हे लिहिलं नाहीस.

एक कागद घे. जादा कामाचे महिन्याचे पैसे वर लिही. त्यातून कर वजा कर. जाण्यायेण्याचा खर्च वजा कर. दमून आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण, त्या वेळेत मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचे पैसे, तेही वजा कर. आता उरलेली रक्कम तासांनी भाग, आणि तासांत फक्त प्रत्यक्ष काम धरू नकोस. तयारी, फोन, दुरुस्त्या, पैशांसाठी केलेल्या आठवणी सगळं धर. जो आकडा येईल तो तुझ्या नोकरीच्या तासाच्या पगाराशेजारी ठेव. माझा अंदाज, तो निम्माही भरणार नाही. भरला तर काम जरूर कर, पण मुदत बांधून: हे काम मोठ्या कार्डाची बाकी संपेपर्यंत, आणि ती संपेल अशी तारीख कॅलेंडरवर. शेवटची तारीख नसलेलं जादा काम घरखर्चात मुरतं. वर्षभराने कर्ज तिथेच असतं आणि ते पैसे मात्र लागायलाच लागतात.

पाचही हप्ते ज्या पगारातून जातात ती तुझी मुख्य नोकरी आहे. झोप मोडून सोमवारी तिथे अर्धी जागी बसलीस, तर जी एक गोष्ट सुरक्षित हवी तीच तू धोक्यात घालतेस. उलट, गेल्या वर्षापासून तू आणखी एकाचं काम ओढते आहेस असं तूच लिहिलंस. मग काय काय वाढलं त्याची यादी घेऊन वरिष्ठांकडे पगारवाढ मागायला जा. एकदा मिळालेली वाढ दर महिन्याला येते, त्यासाठी रविवार द्यावा लागत नाही. मागायला संकोच वाटतो म्हणून माणसं रात्री जागून त्याहून कमी कमावतात, हे मी फार पाहिलंय. नाही म्हणाले तर पुढे काय करायचं ते आपण बघू.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेव. त्यासाठी कार्ड दोन-तीन महिने उशिरा फिटलं तरी चालेल. त्या दोन-तीन महिन्यांचं व्याज काढून बघ. तेवढी किंमत द्यायला मी तरी मागेपुढे पाहिलं नसतं.

आणि जादा भरायला लागण्याआधी एका महिन्याचा घरखर्च वेगळ्या खात्यात बाजूला पडू दे. व्याजाच्या हिशेबात हे वेडेपणाचं दिसतं. खात्यावर जेमतेम व्याज मिळत असताना कार्डाला छत्तीस टक्के का भरायचे? कारण वॉशिंग मशीन बंद पडेल, मुलाला ताप येईल, आणि हाताशी काही नसेल तर ते पुन्हा त्याच कार्डावर जाईल. एका महिन्याचा खर्च साठला की पुढचं सगळं कार्डाला.

आता राहिले तुझे यजमान. त्यांना घरकर्ज आणि गाडी माहीत आहे, दुसऱ्या कार्डाबद्दल "अंदाज असेल" असं तू म्हणतेस. अंदाजावर सोडू नकोस. चोरून कर्ज फेडायचं तर चोरून कमवावंही लागतं, तुझं रात्रीचं काम त्यातूनच आलंय. सुटीच्या दिवशी सकाळी, मुलगा खेळायला गेलेला असताना बस. आधी पूर्ण आकडा सांग, कारणं नंतर. तुकड्यातुकड्यांनी सांगितलंस तर प्रत्येक तुकड्याला वेगळं भांडण होईल. ते चिडतील, चिडू देत. त्याच दिवशी तोडगा निघालाच पाहिजे असा हट्ट धरू नकोस, तक्ता त्यांच्या हातात दे आणि पुढच्या आठवड्यात परत बसायचं ठरव.

त्यानंतर महिन्यातून एकदा, पगार झाला की, अर्धा तास दोघांनी हिशेबाला बसायचं. तेवढा वेळ सोडून इतर दिवशी खर्चावरून टोमणे बंद. तुझ्या-माझ्या खर्चाचे दोष त्या अर्ध्या तासातही कमीच. दोघांनाही दर महिन्याला थोडी अशी रक्कम असावी जिचा हिशेब कुणी विचारणार नाही. ती काढून टाकली की माणूस चोरून खर्च करतो, मग पुन्हा लपवाछपवी आली.

मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला घरातला ताण कळतोच. "आपल्याकडे पैसे नाहीत" असं म्हटलं की मुलं घाबरतात. "या वर्षी आपण आधी कर्ज फेडतोय, म्हणून सायकल पुढच्या वर्षी" हे त्याला पेलेल. पुढच्या वर्षी मात्र सायकल यायला हवी.

सगळी कर्जं एकत्र करून एकच हप्ता करून देतो, असे फोन तुला येत असतील. दर खरोखर कमी असेल, मुदत वाढत नसेल आणि जुनी कार्डं बंद करायची तयारी असेल तरच त्याचा विचार. नुसता हप्ता कमी झाला म्हणजे कर्ज स्वस्त झालं, असं नसतं. एखाद्या महिन्यात हप्ता जमणार नाही असं दिसलं, तर तारीख उलटायच्या आत स्वतः फोन करून सांग. आधी सांगणाऱ्याशी बोलणी होऊ शकतात. एका ॲपचं कर्ज काढून दुसरं भरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तुमच्यापैकी एकाला काही झालं तर उरलेली बाकी भागेल एवढा साधा मुदतीचा विमा दोघांचाही आहे का, तेही कळव.

दिरांच्या कर्जाला जामीन राहण्याबद्दल विचारलंस. राहू नकोस. जामीनदाराची सही म्हणजे शिफारस नव्हे, त्यांनी भरलं नाही तर तू भरायचं असा तो करार असतो, आणि आज तुझ्याकडे सहावं कर्ज घ्यायला जागा नाही. वाईटपणा एकटीने घेऊ नकोस. यजमानांशी बोलणं झालं की त्यांनीच भावाला सांगू दे, या आठवड्यातच, म्हणजे त्यांना दुसरा जामीनदार शोधायला वेळ मिळेल.

तुझी,
मावशी