हायपरस्पेक्ट्रलमध्ये पीएचडी: देश नंतर, लॅब आधी

हायपरस्पेक्ट्रल प्रतिमांमधलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमध्ये शेकडो तरंगलांबींचा प्रकाश नोंदणाऱ्या प्रतिमांमधलं, लक्ष्य शोधणाऱ्या आणि आपला निर्णय उलगडूनही दाखवणाऱ्या डीप लर्निंगवर पीएचडी करायची आहे, तर जर्मनी बरी की अमेरिका, असं तुम्ही विचारलंय. मी जर्मनीत आहे, तेव्हा माझं पारडं थोडं झुकलेलं असणार हे धरून चाला.

आधी लॅबला पैसा कुठून येतो ते बघा. हा विषय मुळातच संरक्षणाच्या जवळचा. अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण कायद्यात नियंत्रित तंत्रज्ञान परदेशी नागरिकाला नुसतं दाखवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते. प्रकाशित होणाऱ्या मूलभूत संशोधनाला सूट आहे, पण शेजारच्याच टेबलावरचा प्रकल्प तुम्हाला बंद असू शकतो. मुलाखतीतच विचारून घ्या. आणि डेटासाठी म्हणून देश बदलू नका. २०२२ साली सोडलेल्या जर्मन एनमॅप या हायपरस्पेक्ट्रल उपग्रहाचा डेटा नोंदणी केली की कुठूनही मिळतो. अर्थात त्याचा पिक्सेल ३० मीटरचा, गाडी त्यात विरघळूनच जाते.

आता खरं काम. बरेच गट आधी सीएनएन (प्रतिमांसाठीचं न्यूरल नेटवर्क) शिकवतात आणि मग कुठले बँड, म्हणजे तरंगलांबीचे पट्टे, महत्त्वाचे ठरले त्याचा रंगीत आलेख काढतात. असा आलेख समोर आला की थेट १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास बघा. तिथे हवेतली वाफ सूर्यप्रकाश जवळपास गिळून टाकते, सेन्सरपर्यंत पोचतो तो बहुतांशी नॉइज. मॉडेलचा सगळा भर तिथेच असेल तर ते लक्ष्य शिकलेलं नाही, त्या उड्डाणातला कचरा शिकलंय.

मला अनरोलिंगची वाट जास्त पटते. प्रतिमा म्हणजे लो-रँक (मोजक्याच नमुन्यांतून बनणारी) पार्श्वभूमी, विरळ लक्ष्य आणि नॉइज यांची बेरीज, असं समीकरण मांडायचं. ते सोडवणाऱ्या अल्गोरिदमची एकेक फेरी म्हणजे नेटवर्कचा एकेक थर. थ्रेशोल्ड, स्टेपची लांबी असल्या गोष्टी तेवढ्या डेटावरून शिकायच्या. मग कुठल्याही थरात डोकावून पार्श्वभूमी किती निघाली आणि लक्ष्याच्या खात्यात काय पडलं ते तपासता येतं. वाचन २०१० च्या लिस्टा या अनरोलिंगवरच्या पेपरपासून सुरू करा.

एव्हिरिस या नासाच्या विमानातल्या सेन्सरने टिपलेल्या सॅन दिएगो विमानतळाच्या दृश्यावरचा एयूसी (लक्ष्य ओळखण्याचा गुणांक) कितीही देखणा असला तरी भुलू नका, त्यात विमानं बोटांवर मोजण्याइतकीच. प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा आरआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ब्लाइंड टेस्टवरचा निकाल मागा. २००६ च्या त्या हायमॅप सेन्सरच्या उड्डाणात चाचणीच्या प्रतिमेतल्या लक्ष्यांच्या जागा मुद्दाम झाकून ठेवल्या होत्या.